गाडीला तांब्याभर पाणी

आमच्या घरी सकाळच्या तांब्यावर दोघींचा हक्क होता. आधी तुळशीचा, मग गाडीचा. आप्पा अंघोळ करून परसातल्या आडाचं पाणी तांब्यात भरून घ्यायचे, डावा पाय जरासा ओढत पुढच्या अंगणात यायचे, अर्धा तांब्या तुळशीला घालायचे आणि उरलेला अर्धा घेऊन गाडीचं बॉनेट उघडायचे. रेडिएटरच्या पाण्याची बाटली रोज थोडी उतरलेली असायची. तिच्यात पाणी ओतताना आप्पांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं की मी खिडकीतून बघत राहायचे.

"पितीया बघ," ते म्हणायचे. "चांगलं चिन्ह हाय. पानी पिणारं जनावर कधी दगा देत न्हाय."

मी चहा घेत हसायचे. एवढं पाणी जातं कुठं, हे काही मला विचारावंसं वाटलं नाही. मी वकील आहे, बेळगावच्या कोर्टात वीस वर्षं लोकांना हेच विचारून हैराण करते की हे कुठं गेलं, ते कुठून आलं. स्वतःच्या अंगणात मात्र मी चहा पीत बसले.

आई गेल्यापासून बेळगावातल्या वडगावच्या घरात आम्ही दोघंच आहोत, मी आणि आप्पा. आप्पा हायस्कूलमध्ये पी.टी.चे मास्तर होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण शिट्टी अजून खिळ्याला टांगलेली आहे आणि पाठ अजून ताठ आहे. दर सोमवारी ते पोरांची नखं तपासायचे. आमच्या कोर्टातले एक कारकून, स्वतः आजोबा झालेले, आजही आप्पा समोर आले की बोटं मुठीत लपवतात.

त्यांचा डावा गुडघा मैदानावरच गेला. कबड्डीत पकड कशी करायची ते पोरांना दाखवायला गेले आणि पकडणाऱ्या पोरांनी मास्तर म्हणून हात राखला नाही. तेव्हापासून तो पाय निम्माच वाकतो. क्लच दाबता येईना, स्कूटर सावरता येईना, एसटीची पायरी चढता येईना. दोन वर्षं आप्पा घरात बसून होते आणि ती दोन वर्षं मला नीट आठवतात, कारण त्या काळात आमच्या घरात मीठ कधी बरोबर पडलं नाही, पेपर कधी वेळेवर आला नाही आणि पंखा कधी योग्य वेगानं फिरला नाही. शेवटी माझ्या एका अशिलानं गोव्यातली एक जुनी ऑटोमॅटिक गाडी सुचवली. क्लच नाही, डाव्या पायाला काही कामच नाही. आप्पांनी ती पहिल्यांदा गल्लीतून फिरवून आणली आणि उतरून मला म्हणाले, "माझ्यासाठीच केलीया गं कुणीतरी." त्या रात्री मीठ बरोबर पडलं.

आप्पा ती रोज गावातून फिरवून आणायचे, पण तिचा खरा उपयोग एकच होता. सदलग्याला आत्ती राहते. आप्पांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. दर पंधरवड्याला गुरुवारी आप्पा खडेबाजारातून तिच्यासाठी चिरमुरे घ्यायचे, मागच्या सीटवर ठेवायचे आणि संकेश्वर, निपाणी करत सदलग्याला जायचे. तिथं जाऊन करायचे काय, तर आत्तीच्या पायाची नखं काढायचे. तिला साखरेचा आजार आहे, नखं जाड झालीत, जरा इकडंतिकडं झालं की जखम होते. सुनेचा हात जड आहे आणि लेकाला घाई असते, असं आत्तीचं मत. ती दुसऱ्या कुणाला पायाला हातच लावू देत नाही. लहानपणी तिनं आप्पांची नखं काढली होती म्हणे, दुधगंगेच्या काठावर बसवून, हे आळीपाळीचं काम आहे.

मी एकदा म्हटलं होतं, "एवढ्या लांब नखं काढायला जाता?"

"मग काय नुसता चा प्याय जाऊ व्हय?" आप्पा म्हणाले. विषय संपला.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. दिवाळी झाली, उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले आणि एका गुरुवारी आप्पा परत येऊन खुर्चीत बसताबसता म्हणाले, "गाडी कापाय लागलीया."

"म्हणजे?"

"पन्नासच्या पुढं चढाला लागली की अंग शहारल्यासारखं करतीया. जरा वेळ. मग ऱ्हातीया."

मी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन कोर्टात गेले. येताना खडेबाजारात अडकले, कॅम्पातून फिरून आले. गाडी लोण्यासारखी चालली. बेळगावातल्या एका गॅरेजवाल्यानं चाकं बघितली, हवा बघितली, हातानं पुढचं चाक हलवून बघितलं आणि काही नाही म्हणाला. पुढच्या खेपेला आप्पा पुन्हा म्हणाले, कापतीया. मी रविवारी त्यांना शेजारी बसवून काकतीच्या चढाला घेऊन गेले. पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या मागून वीसच्या वेगानं आम्ही. गाडी मजेत.

"येग धरू दे की," आप्पा म्हणाले.

"आप्पा, काही नाहीये गाडीला."

"हाय."

"नाहीये."

माझा स्वभाव चिडका आहे. बाररूममध्ये तसं नाव आहे आणि ते खोटं नाही. त्या दिवशी मी गाडी वळवली ती थेट घरी आणली.

मग दोन गोष्टी घडल्या. सदलग्याहून परतल्यावर आप्पांनी चहाची बशी उचलली आणि ती कपाखाली किणकिणली. मी बघितलं. त्यांचे दोन्ही हात बारीक थरथरत होते.  आणि त्याच आठवड्यात गल्लीतल्या एकांनी मला अडवून सांगितलं, की हायवेला सरांची गाडी दिसली, मागून बघताना अशी हलत होती की आम्हालाच भीती वाटली, वय झालं आता, जरा बघा.

झालं. माझी केस तयार झाली. गाडी थरथरत नाही हे मी स्वतः चालवून बघितलेलं. हात थरथरतात हे डोळ्यांनी बघितलेलं. वर साक्षीदार. असल्या पुराव्यावर मी दुसऱ्या कुणाला एक पाऊल पुढं टाकू दिलं नसतं, पण इथं वकीलही मी आणि निकाल देणारीही मीच. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. कोर्टात बसले असताना फोन वाजला की हायवेवरचा असेल असं वाटायचं.

त्या संध्याकाळी मी आप्पांना म्हटलं, "आता गाडी नको."

ते उठले, आत गेले आणि तांब्या घेऊन आले. गच्च भरलेला, काठोकाठ. उजवा हात सरळ पुढं केला, तळव्यावर तांब्या ठेवला आणि माझ्यासमोर उभे राहिले. शाळेत शिस्तीला उभं करायचे तसे.

"मोज," ते म्हणाले.

"आप्पा, हे काय?"

"मोज म्हनतो न्हवं. गाडी कापतीया, मी न्हाय."

मी मोजलं नाही. भिंतीवरच्या घड्याळानं मोजलं असेल. तांब्यातलं पाणी हललं नाही, एक थेंब खाली पडला नाही. मग त्यांनी हात बदलला आणि डाव्या हातावर तेच केलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला दिसत होता तो एक हट्टी म्हातारा, ज्याला आपलं वय मान्य नाही. मी खुंटीवरची चावी काढली आणि माझ्या काळ्या कोटाच्या खिशात टाकली. आप्पांनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत आणि त्या रात्री जेवलेही नाहीत.

पुढं पाच आठवडे गाडी अंगणात उभी होती. मी माझ्या स्कूटीवरून कोर्टात जात होते. आप्पांचा नेम मोडला नव्हता. रोज सकाळी अर्धा तांब्या तुळशीला, मग बॉनेट उघडायचं. चार-पाच दिवसांनी मला त्यांनी हाक मारली.

"हिनं पानी प्यायचं सोडलं गं. बाटली भरलेली ती भरलेलीच."

"उभ्या गाडीला कशाला लागतंय पाणी?"

"आदी रोज कमी व्हायचं. रुसलीया." त्यांनी बॉनेटवर हात फिरवला.

मला हसू आलं आणि मी ते आल्यागेल्याला सांगितलंही, आप्पांची गाडी रुसून बसलीय म्हणून. गाडी फिरली की पाणी कमी होतं आणि उभी राहिली की होत नाही, म्हणजे फिरताना कुठंतरी जातं, आणि खाली फरशीवर तर कधी एक डाग दिसलेला नाही. एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण आमच्याकडे दारात कुणीही आलं तरी आधी पाणी देतात, माणूस असो, बैल असो, गाडी असो. का तहान लागली, असं विचारायची पद्धत नाही.

मीठ पुन्हा चुकायला लागलं. पण या वेळी आप्पा काही बोलत नव्हते, नुसते खात होते, आणि मला ते जास्त लागत होतं.

मग आत्तीच्या सुनेचा फोन आला. आत्तीच्या अंगठ्याचं नख मांसात शिरलंय, बोट लाल झालंय, डॉक्टरकडे यायला तयार नाही आणि आम्हाला हात लावू देत नाही. माझा भाऊ येईल, असंच आत्ती म्हणते. आप्पा शेजारी उभे होते, त्यांना सगळं ऐकू गेलं. ते फक्त म्हणाले, "बघ. तुझ्या हातात हाय."

मी रविवारी गाडी काढली. मी चालवत होते, आप्पा शेजारी. मांडीवर चिरमुऱ्याची पिशवी आणि पायाशी झाकणाचा मोठा तांब्या, गाडीला वाटेत लागलं तर. हत्तरगीपर्यंत मी जपून, चाळिशीच्या खालीच चालले. आप्पा बाहेर बघत होते. संकेश्वर मागं पडलं आणि स्तवनिधीचा घाट यायच्या आधीचा तो लांबलचक चढ लागला. रविवार असल्यामुळे ट्रॅक्टर नव्हते, रस्ता मोकळा. मागून एक ट्रक हॉर्न देत आला म्हणून मी पाय दाबला. पंचेचाळीस, पन्नास.

आणि गाडी कापायला लागली.

आधी सीटखाली काहीतरी गुरगुरलं, मग ते पाठीतून वर आलं, स्टिअरिंगमध्ये उतरलं आणि माझ्या कोपरापर्यंत पोचलं. पुढच्या काचेजवळचा छोटा गणपती टकटक वाजायला लागला. आरशात मागचा ट्रक चार-चार दिसत होता. तापानं फणफणलेल्या माणसाला हुडहुडी भरावी तशी ती गाडी, आणि तिच्यात मी, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. मी पाय काढला, ती शांत झाली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मी आप्पांकडे बघितलं. त्यांचे हात मांडीवर, पिशवीवर, अगदी स्वस्थ. मला टोचेल असं एक वाक्य आता त्यांच्याकडे होतं आणि ते बोलायची हीच वेळ होती. पण ते एवढंच म्हणाले, "पाय काड. हळूहळू जाऊया. घाट उतरला की निपाणीत बघू."

घाट उतरेपर्यंत मी काटा चाळिशीच्या वर जाऊ दिला नाही. लाजेनं माझे कान गरम झाले होते.

निपाणीच्या तोंडाला रस्त्याकडेला एक मेस्त्री भेटला. साठीच्या आसपासचा, ग्रीसनं काळे झालेले हात आणि कपाळाला ताजं गंध. एका वाक्यात कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारा. त्यानं आधी आम्हाला चहा मागवला. मी ग्लास उचलला तर तो माझ्या हातात थरथरत होता. अर्धा तास ते चाक धरल्यावर कुणाचाही हात थरथरला असता. मग मला आठवली ती बशी. सदलग्याहून येऊन आप्पांनी उचललेली, त्याच रस्त्यानं, तेच चाक दोन तास धरून आल्यावर. मी ग्लास खाली ठेवला.

मेस्त्रीनं बॉनेट उघडलं, बाटली बघितली आणि विचारलं, "पानी कमी होतंय काय?"

"रोज तांब्यातनं घोटभर घालत हुतो," आप्पा म्हणाले. जरा अभिमानानंच.

"रोज?" मेस्त्री वाकून गाडीखाली बघायला लागला. खाली कोरडं. "गळती न्हाय. धूर पांढरा न्हाय. मग नीर यल्ली होंटैती? पानी जातंय कुठं?"

माझं सगळं शिक्षण, वीस वर्षांची वकिली, आणि हा प्रश्न विचारला निपाणीच्या रस्त्याकडेच्या एका माणसानं, पहिल्या दोन मिनिटांत.

उत्तरही त्यानंच शोधलं. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी त्यानं बाहेर ओढली आणि आमच्यासमोर धरली. ते तेल लाल असतं म्हणे, आरपार दिसणारं. पट्टीवर होतं ते गुलाबाचं सरबत घातलेल्या दुधासारखं काहीतरी, दाट आणि फेसाळ.

"ह्ये बघा. पानी इथं हाय."

मग त्यानं बोटानं दाखवत समजावलं. या गाडीत गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरच्या पोटातून जातं. एका बाजूला पाणी, एका बाजूला तेल, मध्ये पातळ पत्र्याची भिंत. ती भिंत आतून कुजली आणि पाणी तेलात शिरायला लागलं. बाहेर थेंब पडत नाही म्हणून कुणाला कळत नाही. गिअरबॉक्सच्या आत प्लेटी असतात, त्या तेलात एकमेकींना धरतात. पाणी गेलं की धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. तेच कापणं.

"हळू चालवली, गर्दीत चालवली की कळत न्हाय," तो म्हणाला. "पन्नासच्या वर, चढाला, तितंच कळतंय. पयल्यांदा कापली तवाच आनायची हुती. कोन चालवतंय?"

"मी," आप्पा म्हणाले.

"मग तुमाला कळलं असंलच की, सर." आप्पांना बघून कुणीही सर म्हणतं.

आप्पा पट्टीकडे बघत होते. "म्हंजी मी रोज घालत हुतो ते..."

"गिअरबॉक्सात जाईत हुतं. न्हाय घातलं असतं तर इंजन तापून बंद पडलं असतं. पन घालून घालून सगळं तिकडं भरलं."

"आनि म्हैनाभर उभी हुती ती?"

मेस्त्रीनं जीभ चावली. "पानी शिरलेली गाडी उभी ठेवायची न्हाय, सर. आत प्लेटी फुगत्यात, गंज धरतोय."

म्हणजे एक चूक आप्पांची आणि एक माझी. त्यांनी तिला पाजलं आणि मी तिला कोंडून ठेवलं.

मेस्त्री म्हणाला, रेडिएटर नवा टाकू, गिअरबॉक्स उघडून प्लेटी बदलू, तीनदा तेल काढून धुऊ. तीन आठवडे लागतील. चालेल, पण वचन देत नाही. तो आत हत्यारं आणायला गेला. आप्पा एका जुन्या टायरवर जाऊन बसले, वाकत नसलेला पाय समोर पसरून, तो मोठा तांब्या मांडीवर घेऊन. ते खरे ठरले होते, पण खरं ठरलेला माणूस असा बसत नाही.

"मी तिला हौसेनं पाजत हुतो गं," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "आप्पा, तुम्ही मला सांगितलं होतं. चार वेळा सांगितलं. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

"व्हय. चुकलंच." ते म्हणाले. "चावी काडून घेतलीस न्हवं, तवा लई वाईट वाटलं. गाडीचं न्हाय. माज्या बोलन्यावर तुजा इस्वास न्हाय म्हनून."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आप्पांनी तांब्याचं झाकण काढून तो माझ्यापुढं धरला. "पी," म्हणाले. आता सांगते, त्या वेळी ते पाणी मला फार गोड लागलं.

सदलग्याला आम्ही वडापमधून गेलो. वडाप म्हणजे आमच्याकडची शीट भरून निघणारी जीप. ड्रायव्हरनं आप्पांना पुढं बसवलं, पाय पसरायला जागा दिली, आणि मी मागं चिरमुरे घेऊन दोन बायकांच्या मध्ये. आत्ती पुढच्या सोप्यात खाटेवर बसली होती. आवाजावरूनच तिनं ओळखलं.

"आलास रं? इतकं दिस कुठं मेलतास?"

"गाडीला बरं न्हवतं, आक्का," आप्पा म्हणाले, आणि पाटावर बसले. पुढं काही सांगितलं नाही.

तिचा पाय त्यांनी कोमट पाण्यात भिजवला, टॉवेलनं टिपला, मांडीवर घेतला. चष्मा नाकावर ओढला. अंगठा खरोखरच सुजला होता. मांसात शिरलेलं ते नख त्यांनी कडेकडेनं, कणाकणानं असं काढलं की आत्ती मध्येच जांभई द्यायला लागली. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. इतकी वर्षं पोरांची नखं तपासणारे ते हात, सत्तरी ओलांडलेले, शिरा वर आलेले. त्यांच्यात कंप नावालाही नव्हता. तो कधीच नव्हता.

मला राहवेना. "आत्ती, गाडीला बरं नव्हतं ते खरं. पण त्याआधी मीच चावी काढून घेतली होती. मला वाटलं आप्पांचा हात कापतोय."

आत्तीनं डोळे उघडले. आधी माझ्याकडे, मग आपल्या पायाकडे बघितलं आणि खाट हलेपर्यंत हसली. "ह्येचा? ह्येचा हात कापत असता तर माजी बोटं ऱ्हायली असती व्हय गं?"

"हालू नगंस," आप्पा म्हणाले. पण त्यांच्याही मिशीत हसू होतं.

गाडी तीन नाही, पाच आठवड्यांनी आली. मेस्त्रीनं निक्षून सांगितलं होतं, कूलंट भरलंय, आता बाटलीत आडाचं पाणी घालायचं नाही, झाकणाला हात लावायचा नाही. आप्पा हात लावत नाहीत. सकाळी अर्धा तांब्या तुळशीला घालतात, बॉनेट उघडतात, वाकून बाटलीवरची खूण बघतात. ती जिथल्या तिथं असते. मग बॉनेट लावतात आणि उरलेलं पाणी पुढच्या चाकावर ओततात. दारातल्याला कोरडं कसं ठेवायचं.

चावी मी खुंटीवर लावली होती. पहिल्या गुरुवारी त्यांनी ती घेतली आणि मला म्हणाले, "तू बी चल." मी कोर्टातल्या दोन तारखा पुढं घेतल्या.

निघताना त्यांनी माझ्या हातात तांब्या दिला. मोठा नव्हे, तुळशीचा. काठोकाठ भरलेला.

"झाकण?" मी विचारलं.

"नगं. मांडीवर धर."

मी कोर्टातली शहाणी बाई, इस्त्रीची साडी नेसून, उघडा तांब्या मांडीवर घेऊन बेळगावहून निघाले. काकतीचा चढ गेला, हत्तरगी गेली. आप्पा पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात चाकावर, शिस्तीत चालवत होते. संकेश्वर गेलं. तो लांब चढ आला. रस्ता मोकळा होता. मी काट्याकडे बघत होते. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. मी तांब्या घट्ट धरला. पंचावन्न. गणपती जागचा हलला नाही. आरशात मागचा रस्ता स्वच्छ एकच दिसत होता. साठ. गाडी वर चढत राहिली, आवाज न करता, आणि आप्पा काहीच न झाल्यासारखे समोर बघत होते. आत्तीचा पाय, गुरुवार, चिरमुरे, सगळं त्यांना परत मिळालं होतं. मी ते काढून घेतलं होतं आणि तरी त्यांनी मला शेजारी बसवलं होतं.

तांब्यातलं पाणी हिंदकळलं आणि माझ्या साडीवर सांडलं.

आप्पांनी रस्त्यावरून नजर काढली नाही. ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी ठेवून दिलेलं ते वाक्य त्यांनी आता काढलं, अगदी हळू.

"कोन कापतंय गं?"

"मी," मी म्हटलं.